बळद ते बॉक्सबेड

घरातल्या वस्तू ठेवण्याच्या जागा दोन प्रकारच्या असतात : ज्या दिसतात त्या आणि ज्या सापडत नाहीत त्या. पहिल्या प्रकारात खुंटी, फळी, वळणी, खुर्चीची पाठ आणि फ्रिजचे डोके हे सगळे येते. दुसऱ्या प्रकाराला गृहसजावटीच्या धंद्यात ‘कन्सील्ड स्टोरेज’ म्हणतात. पहिल्या जागा आपोआप तयार होतात. दुसऱ्या चौरस फुटाच्या दराने करून घ्याव्या लागतात. याच धंद्यातली आणखी एक संज्ञा म्हणजे ‘मल्टिपर्पज रूम’. एकाच खोलीने सकाळी बैठक, दुपारी अभ्यासिका आणि रात्री शयनगृह व्हावे, ही तिच्याकडून अपेक्षा. प्रत्यक्षात ती तिन्ही वेळा इस्त्रीला जायच्या कपड्यांची खोली असते.

या दोन्ही कल्पना हैदराबाद, सोलापूर नाहीतर पुण्याहून आल्या, असा बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात सध्या समज आहे. वस्तुतः चीजवस्तू भिंतीत, जमिनीत आणि छताखाली गडप करण्याचे, तसेच एका जागेकडून दहा कामे करून घेण्याचे शास्त्र या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात कित्येक पिढ्यांचे जुने आहे. फरक एवढाच, की पूर्वी लपवण्याजोगे काही असले तर त्यासाठी जागा करीत. आता जागा आधी होते आणि तिच्यात काय लपवावे याचा शोध मागाहून सुरू होतो.

बसवकल्याण म्हणजे जुने कल्याण. अकराव्या शतकात चालुक्य राजा पहिला सोमेश्वर याने राजधानी येथे आणली. त्याचा नातू तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावे, काय ल्यावे, कशावर बसावे, हत्ती कसा ओळखावा, असा सगळा संसार त्यात आहे. राजाच्या उपभोगांत घर, आसन आणि शय्या यांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. आसन वेगळे, शय्या वेगळी. दोन्ही एका चौकटीत बसवून सोफा-कम-बेड करावा हे राजाला सुचले नाही. किंवा सुचले असेल आणि पाठीचा विचार करून त्याने ते सोडून दिले असेल.

त्याच शतकात पुढे बिज्जळ राजाच्या पदरी महात्मा बसवेश्वर भांडारी होते. भांडारात अफरातफर झाल्याची चुगली राजाकडे गेली, राजाने भांडार मोजवले आणि पै न पै जुळली, असे परंपरा सांगते. साठवणीच्या शास्त्रात या गावाने घालून दिलेला हा धडा मोठा आहे : मोजायला गेले की नोंदीत आहे तेच आणि तेवढेच निघाले पाहिजे. आज गावात एखाद्या घरच्या सज्जावरच्या सामानाची अशी मोजदाद करायची कोणी काढलीच, तर घरातून पहिला विरोध ज्याने ते सामान वर टाकले त्याचाच होईल.

जुन्या वाड्याची रचना समजल्याशिवाय त्यातली लपवाछपवी समजत नाही. या भागातले घर दगड-मातीच्या जाड भिंतींचे, वर माळवद. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर दांडे, दांड्यांवर किलच, त्यावर लिंबाचा पाला आणि पाल्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडासाठी वर सवणे. घर मोजायचे ते खणांनी; दोन तुळयांमधला एक खण. दहा खणांचे घर म्हटले की सोयरिकीला आलेल्या माणसाला पुढचे काही विचारावे लागत नसे. भिंत दोन-अडीच हात रुंद असल्याने तिच्या पोटात काय वाटेल ते मावे : दिव्यासाठी दिवळी, तांब्या-भांड्यासाठी कोनाडा, दार असलेले फडताळ, आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे बळद.

बळद ही दोन भिंतींमधली धान्याची अरुंद खोली होय. तिला दार नसते. वर माळवदावर एक भोक असते. सुगीत पोती वर चढवून त्यातून रिकामी करायची. खाली माजघराच्या बाजूला जमिनीलगत वीतभर तोंड असते. ते चिंध्यांच्या बोळ्याने बंद करून वरून शेणमातीने लिंपलेले. ज्वारी हवी झाली की लिंपण फोडायचे, टोपले लावायचे, बोळा ओढायचा. ज्वारी सळसळत टोपल्यात येते, थोडी शेणाने सारवलेल्या जमिनीवर सांडते, ती कोंबड्यांच्या आधी टिपून घ्यावी लागते. टोपले भरले की बोळा परत. तळ गाठत आला की धान्य तोंडापर्यंत येईनासे होते. मग घरातले सर्वांत बारीक पोर वरच्या भोकातून दोराने आत सोडायचे आणि त्याने हाताने धान्य तोंडाकडे लोटायचे. चॅनेल, बिजागरी, गॅस पंप, वर्षाचा मेंटेनन्स यांतले काहीही बळदाला लागत नाही. घरात एक बारीक पोर लागते, आणि त्या काळी त्याची टंचाई नसे.

बळदाचा खरा गुण मात्र वेगळाच. आत ज्वारी आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि बाहेरच्याला भिंतीखेरीज काही दिसत नाही. गुप्त साठवणीची व्याख्या येथे पुरी होते. आजच्या घरात नेमके उलटे घडते. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला यजमान हाताला धरून नेतो आणि भिंतीतल्या फळीवर बोट ठेवून म्हणतो, “हे बघा, हँडल न्हाई काय न्हाई, नुसतं दाबलं की उघडतं.” त्यामुळे गुप्त कप्पा कुठे आहे हे सबंध गावाला ठाऊक, आणि त्यात काय आहे हे घरात कोणालाच ठाऊक नाही.

बळदांनी धान्याखेरीजही पुष्कळ सांभाळले. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या धामधुमीत दागिने, कागदपत्रे, प्रसंगी माणसेही बळदात लपल्याच्या हकिकती बीदर-लातूर पट्ट्यातल्या जुन्या घरांतून सांगितल्या जातात. त्या विनोदी लेखाच्या नव्हेत. जाड भिंतीची किंमत कळावी म्हणून केवळ उल्लेख.

भिंतीत मावेना ते जमिनीत गेले. पेव म्हणजे अंगणात नाहीतर वाड्यासमोर खणलेला खोल खड्डा, तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढे आणि पोट ऐसपैस. आत कडबा, भुसा यांचे अस्तर, वर फरशी आणि माती. पेवातली ज्वारी वर्षानुवर्षे टिके, कारण बंद हवेत धान्य स्वतःच श्वासोच्छ्वास करून कार्बन डायऑक्साइड सोडते आणि त्यात कीड मरते. माणूसही मरतो. म्हणून पेव उघडले की लगेच उतरायचे नाही. तोंड पुष्कळ वेळ मोकळे ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर पुन्हा थांबायचे. बीदरच्या बहमनी सुलतानांनी तर पाणीही जमिनीखालून नेले. नौबादजवळचा करेज, म्हणजे वर ठरावीक अंतरावर उभे झरोके ठेवलेले भुयारी पाट, आजही पाहायला मिळतो. थोडक्यात, या जिल्ह्यात मोलाची गोष्ट जमिनीवर पडलेली दिसली की ती आपली नाही असे खुशाल समजावे.

माजघरात जमिनीसपाट पुरलेले दगडी उखळ हेही लपवलेले फर्निचरच. काम नसताना तोंडावर झाकण, झाकणावर पोतेरे, पोतेऱ्यावर मांजर. कांडायची वेळ आली की तिघांना उठवून उखळ हजर. महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात ही नोंद वर सांगितलेल्या ‘मानसोल्लासा’तच आहे. मिक्सरच्या आवाजात कोणी ओवी गाते अशी नोंद पुढच्या कोणा राजाला करावी लागलेली नाही.

किमती वस्तूंसाठी लाकडी पेटीत चोरकप्पा असे आणि पुढे पोलादी कपाटे आली तेव्हा तो त्यांत गेला. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे करायला घेतली. आत लॉकर, लॉकरच्या आत आणखी एक कप्पा. कपाट पोलादाचे, कुलूप भक्कम, आणि किल्ली त्याच कपाटात तिसऱ्या घडीच्या साडीखाली. किल्ली साडीखाली ठेवतात हे सीमाभागातल्या कुठल्याही बाईला विचारल्यावाचून कळते. चोर मंडळींनाही विचारावे लागत नाही.

आता बदलत्या जागांविषयी. वाड्याचे दार ओलांडले की ढाळज, पुढे चौक, चौकाभोवती ओसरी. या ओसरीचा एक दिवस पाहण्यासारखा असे. पहाटे तिथे दूध मोजले जाई. सकाळी सालगड्याचा हिशेब आणि त्यावरून होणारी बोलाचाली. दहा वाजता तिथेच एखादे गुरुजी पोरांना उजळणी म्हणायला लावत. दुपारी तुरी निवडणाऱ्या बाया. उन्हे उतरेपर्यंत थोरल्या मंडळींची वामकुक्षी. संध्याकाळी कोर्टातून नाहीतर बाजारातून आलेले पाहुणे, त्यांचा चहा. रात्री दहा-बारा माणसांची झोप. लग्न निघाले की पंगत तिथेच, कोणी गेले की बैठकही तिथेच. एवढी कामे करणाऱ्या या जागेत सामान काय, तर एक जाजम, दोन पाट, कोपऱ्यात रचलेल्या वळकट्या आणि खुंटीला कंदील. बिजागरी एकही नाही. जागा बदलत होती ती रिकामी होती म्हणून. बदलते फर्निचर ज्या दिवशी घरात आले, त्या दिवसापासून जागा बदलायची थांबली.

जागा बदलण्याचा आणखी एक अस्सल बसवकल्याणी प्रकार म्हणजे वाटणी. चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळी विज्ञानेश्वर पंडिताने याच गावी ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका लिहिली. वडिलार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो, हा तिचा गाभा. बंगाल वगळता बहुतेक हिंदुस्थानात वारसाहक्काचा कायदा शतकानुशतके तिच्यावर चालला. गृहरचनाशास्त्राच्या पुस्तकांत विज्ञानेश्वराचे नाव घेत नाहीत ही मोठी उणीव आहे. कारण देशातल्या वाड्यांचे नकाशे जितके या एका ग्रंथाने बदलले तितके कुठल्या वास्तुविशारदाने बदलले नसतील.

तीन भावांत वाडा वाटला की चौकात भिंत येते. थोरल्याकडे जिना जातो आणि मधल्याकडे माळवद. धाकट्याच्या वाट्याला आड येतो, पण आडाकडे जायची वाट थोरल्याच्या न्हाणीतून. बळदाचे वरचे भोक एकाच्या हद्दीत आणि खालचे तोंड दुसऱ्याच्या. म्हणजे भरायचे एकाने आणि काढायचे दुसऱ्याने, असे आदर्श एकत्र कुटुंब वाटणीनंतर तयार होते. ढाळजेचे दुकान होते, गोठ्याचे स्वयंपाकघर होते, देवघर दोन भागांत आल्याने देवांनाही दोन्हीकडून आंघोळ मिळते. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींनाही या मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. तेव्हापासून राखीपौर्णिमेला बहीण माहेरी आली आणि सहज म्हणून खण मोजत वर पाहू लागली, की भावजया चहात साखर जास्त घालतात.

हे सगळे तंत्र मागे पडण्याचे कारण गमतीचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. किल्लारी ते बसवकल्याण सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आसपास. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या घरात माणसे गेली, आणि बहुतेक झोपेत, माळवदाखाली. दगडी भिंती मातीत रचलेल्या, त्यांच्या दोन्ही अंगांना आरपार बांधणारे दगड नसलेले. वर पावसाळ्याआधी दरसाल टाकून टाकून वाढलेला मातीचा थर. भिंती फुटल्या आणि छत खाली आले. त्यानंतर सीमेच्या दोन्ही बाजूंना माळवदावरचा विश्वास उडाला तो उडालाच. लोक स्लॅबकडे आणि पत्र्याकडे वळले. ते योग्यच होते. मात्र स्लॅबचे घर खांबांवर उभे राहते, त्याची भिंत सहा किंवा नऊ इंचांची. तिच्या पोटात बळद मावत नाही, धड कोनाडाही मावत नाही. भिंतीतले सामान एका पिढीत बाहेर येऊन खोलीच्या मध्यभागी उभे राहिले.

मधल्या काळात शहाबादी फरशीने बरीच लाज राखली. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद-चित्तापूर भागातला हा चुनखडीचा दगड स्वस्त आणि हाताशी. भिंतीलगत दोन आडोसे बांधायचे, त्यांत फरशीच्या चार फळ्या अडकवायच्या, झाले कपाट. दार परवडत नसे, म्हणून दोन खिळे, त्यांत ताणलेली स्प्रिंगची तार आणि तिच्यावर जुन्या साडीचा पडदा. सव्वा रुपयात कन्सील्ड स्टोरेज. पाहुणा आला की पडदा ओढायचा, गेला की सारायचा. फॅन लागला की पडदा आपोआप उडून आतले सगळे दाखवी, हा दोष होता. पण त्यामुळे आत काय आहे हे घराला दिवसातून चार वेळा कळत असे.

सध्याचे युग प्लायवुडचे. आठ बाय चारचा तक्ता, वर सनमायका, कडेला पट्टी. डिझायनर आधी कॉम्प्युटरवर थ्रीडी चित्र दाखवतो. चित्रातल्या घरात एक फुलदाणी, दोन पुस्तके, एक सफरचंद आणि पांढरा सोफा असतो. ज्वारीची पोती नसतात. गहू, तूर, उडीद नसतो. उन्हाळ्यात केलेल्या कुरडया-पापडांचे डबे, लोणच्याच्या बरण्या, लग्नात आहेर आलेली आणि पुढच्या लग्नात आहेर जाणारी स्टीलची भांडी, लेकीच्या बाळंतपणाच्या गोधड्या, यांतले काही नसते. बसवकल्याणच्या बहुतेक घरांचे एक टोक अजून शेतात आहे. सुगी झाली की वर्षाचे धान्य टेम्पोने दारात येते आणि चित्रातल्या पांढऱ्या सोफ्याच्या मागे पहिले पोते उभे राहते. महिनाभरात सोफा पोत्यांच्या पुढे ठेवलेला आहे असे दिसू लागते. जाड भिंतीतला कोनाडा मात्र पुन्हा अवतरला आहे, ‘निश’ या नावाने. तो प्लायवुडचा खोका असतो, आत एलईडी दिवा, आणि दिव्याखाली ठेवायला घरात काही न मिळाल्याने बाजारातून आणलेला हसरा बुद्ध.

या युगाची मुख्य निर्मिती बॉक्सबेड. वर गादी, गादीखाली फळ्या, फळ्यांखाली पेटी. हायड्रॉलिक प्रकारात गॅस पंप असतो. तो नवा असताना बेड बोटाने उचलला जातो आणि जुना झाल्यावर बेड बोटावर येतो. आत काय ठेवावे याविषयी एकमत आहे : जे वारंवार लागत नाही ते. लागत नाही ते ठेवावेच कशाला, हा प्रश्न या शास्त्रात विचारत नाहीत. म्हणून मोठ्या बॅगेत मधली बॅग, मधल्या बॅगेत छोटी बॅग आणि छोट्या बॅगेत हरवली म्हणून दुसरी काढलेली रेशनकार्डाची पहिली प्रत, असा ऐवज तिथे जमतो. टीव्हीचा थर्माकोलही असतो, ‘वॉरंटीला लागतो’ म्हणून. वॉरंटी संपते, टीव्ही बदलतो, थर्माकोल राहतो.

बॉक्सबेडचा मूळ दोष पाहुणे आल्यावर उघड होतो. पाहुण्यांची अंथरुणे त्यात असतात आणि पाहुणे त्यावर.

“अत्या, मोठी परात कुठं ठिवलाव?”

“बेडाच्या पोटात हाय.”

“मग काढू का?”

“आता कसं काढतीस? वर उमरग्याचे मामा झोपलेत. उठू दे त्यान्ला.”

मामा चार वाजता उठतात. तोवर कणीक दोन पातेल्यांत मळून झालेली असते. परात पुढे तशीच आत राहते आणि दिवाळीला दुसरी परात विकत आणली जाते, जी पहिल्या परातीशेजारी ठेवली जाते.

सज्जा, म्हणजे दाराच्या वरचा लॉफ्ट, हा यापुढचा मुक्काम. बेडात जाणारी वस्तू परत येण्याची थोडी तरी आशा असते. सज्जावरची वस्तू एकदम घर बदलतानाच खाली येते. वर चढायला घडीची शिडी लागते आणि घडीची शिडी सज्जावर ठेवलेली असते.

स्वयंपाकघराची गोष्ट थोडी गंभीरपणे घ्यावी लागते. आधुनिक बांधीव स्वयंपाकघराचा नमुना जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी केला. कामगारांच्या घरांसाठी सुमारे दोन मीटर बाय साडेतीन मीटरमध्ये सगळे बसवलेले. अशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरे उभी राहिली. तोवर आपण स्वतः स्वयंपाक केलेला नव्हता, असे बाईंनीच नंतर सांगितले. त्या खोलीतला एक तपशील मात्र सुगरणीला शोभणारा होता : साखर, तांदूळ वगैरे जिनसांसाठी ॲल्युमिनियमचे ओढते डबे आणि प्रत्येकावर जिन्नसाचे नाव. आपल्याकडे जर्मनीची ट्रॉली आली, नाव आले नाही. परिणामी सोळा ट्रॉल्यांच्या स्वयंपाकघरात जिरे शोधायला सोळा ट्रॉल्या ओढाव्या लागतात, आणि सॉफ्ट-क्लोज असल्याने रागाने आपटताही येत नाहीत. बायकांच्या दृष्टीने हा फार मोठा तोटा आहे.

शिवाय हे स्वयंपाकघर भाकरीसाठी केलेले नाही. काटवट कुठल्याही ट्रॉलीत बसत नाही. भाकरी थापायला दोन्ही हातांचा भार वरून यावा लागतो, त्यामुळे चहाच्या सोयीने केलेला उंच ओटा भाकरीला खांदे दुखवतो. ज्या घरात दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी होते तिथे ओट्याचा एक तुकडा चार-सहा बोटे खाली घ्यावा, किंवा जमिनीवर बसून थापायला दोन फूट मोकळी जागा सोडावी. डिझायनर याला नकार देतो, कारण तो खालचा तुकडा चित्रात वाईट दिसतो.

बदलत्या फर्निचराचे परदेशातले दोन दाखले नेहमी दिले जातात. पहिला भिंतीत उभा मिटणाऱ्या पलंगाचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो प्रचारात आणला आणि त्याचे नाव पलंगाला इतके चिकटले की १९८९ मध्ये अमेरिकन न्यायालयाने ते सर्वसामान्य नाम झाल्याचा निर्वाळा दिला. बसवकल्याणात हा पलंग चालणार नाही. दुपारी जेवून आडवे झालेल्या मामंजींना “उठा, पलंग भिंतीत घालायचाय” हे सांगायचे कोणी, या एका मुद्द्यावर सबंध तंत्रज्ञान अडते. दुसरा दाखला नेदरलँड्समधल्या उत्रेख्तचा. तिथे गेरिट रीटफेल्टने १९२४ मध्ये ट्रूस श्रोडर या विधवा बाईंसाठी घर बांधले. वरच्या मजल्याच्या भिंती सरकत्या. दिवसा एक दालन, रात्री मुलांच्या वेगवेगळ्या खोल्या. बाई त्या घरात १९८५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत राहिल्या. घर कसे वापरायचे हे त्यांनी रीटफेल्टबरोबर बसून आधी ठरवले होते, म्हणून ते वापरले गेले. आपल्याकडे सरकते दार बसवतात आणि त्याच्या रुळावर शिलाई मशीन ठेवतात.

घडीच्या वस्तूंचा अनुभव सर्वत्र सारखा आहे. भिंतीला मिटणारे अभ्यासाचे टेबल एकदा उघडले की त्यावर पुस्तके येतात, आणि पुस्तके आली की ते मिटत नाही. सोफा-कम-बेड उघडायला टीपॉय हलवावा लागतो, टीपॉय हलवायला पोते. म्हणून तो सोफा असेल तर सोफाच राहतो, आणि घरात आजारी माणूस असेल तर कायमचा बेड. घडीची वस्तू आयुष्यात तीनदा घातली-मोडली जाते : दुकानात, वास्तुशांतीला आणि भंगारवाल्यासमोर.

एवढे होऊनही जागा कमी असली तर साठवण करावीच लागते. ती करताना काही गोष्टी पाळल्या तर पैसे वाया जात नाहीत. बाहेरच्या भिंतीला टेकून बंद कपाट करू नये. पावसाळ्यात ओल येते आणि मागून वाळवी चढते, आणि कपाट बंद असल्याने वाळवीलाही एकांत मिळतो. मागे दोन-तीन बोटे फट सोडावी, दारांना जाळी किंवा भोके ठेवावी. पाण्याजवळ साधे एमआर प्लाय न वापरता बीडब्ल्यूपी, म्हणजे आयएस ७१० चे प्लाय घ्यावे आणि शिक्का तक्त्यावर स्वतः वाचावा. बिलावरचा शिक्का ओलीला अडवत नाही. धान्याची पोती सज्जावर चढवू नयेत. त्यांच्यासाठी जमिनीपासून वीतभर उंच लाकडी मांडणी असलेली, चारही बाजूंनी हवा खेळेल अशी एक कोठीची खोली नकाशातच काढावी. ती लहान असली तरी चालेल, पण तिला दुसरे काम देऊ नये. बेडात काय आहे त्याची यादी झाकणाच्या आतल्या अंगाला चिकटवावी. जी वस्तू दोन दिवाळ्या यादीतून बाहेर आली नाही ती तिसऱ्या दिवाळीआधी देऊन टाकावी, आणि देताना नवऱ्याला विचारू नये. रोज लागणाऱ्या वस्तू, परात धरून, खांद्यापेक्षा वर आणि गुडघ्यापेक्षा खाली ठेवू नयेत. आणि एक तरी खोली अशी असावी की जिच्यात सतरंजीखेरीज काही नाही. तिला मल्टिपर्पज म्हटले नाही तरी सगळे पाहुणे तिच्यातच झोपतील.

घर नवे असेल तर फर्निचरची घाई करू नये. नुसत्या चार भिंतींत एक पावसाळा आणि एक ज्वारीची सुगी काढावी. ओल कुठे येते, पोती कुठे उतरतात आणि वडीलधारे दुपारी कुठे आडवे होतात हे तेवढ्यात कळते. सुताराला त्यानंतर बोलवावे. तोवर त्याचा दर वाढलेला असेल, पण काम निम्म्याने कमी झालेले असेल.